घर, शोषखड्डा आणि परसबाग यांआधी काळ्या जमिनीची पारख कशी करावी?

सीनाकाठ | ९ मे

नमस्कार. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर वडिलोपार्जित जमिनीतला ११ गुंठ्यांचा तुकडा माझ्या वाट्याला आला आहे. निवृत्तीनंतर तिथे लहानसे घर, संडासाची टाकी, तिच्या पाण्यासाठी शोषखड्डा आणि उरलेल्या जागेत फळझाडे व भाजीपाला असा बेत आहे. नकाशा काढून देणारे भेटले आहेत, पण एकानेही अजून खालच्या मातीबद्दल प्रश्न विचारलेला नाही. म्हणून हा धागा काढतो आहे.

माझ्या काळजीला कारण आहे. याच शिवारात, माझ्या तुकड्यापासून दोन बांधांवर, थोरल्या भावाने २०११ मध्ये घर बांधले. बांधकाम चांगले होते, सिमेंट-लोखंडात काटकसर केली नव्हती. तरीही तिसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून जोत्याकडे तिरपी भेग उतरली. भावाने ती दोनदा भरून घेतली आणि दोन्ही वेळा ती परत उघडली. मग मी भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक फुल्या मारून दर दोन महिन्यांनी त्यांच्यातले अंतर मोजू लागलो. मे महिन्यात भेग ७ मिलिमीटर होती, सप्टेंबरात ती २ मिलिमीटरवर आली आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा जवळजवळ पूर्वीइतकी झाली. घर एकदाच खचले असते तर भेग एकदा पडून थांबली असती. ही भेग मात्र ऋतूंप्रमाणे उघडते आणि मिटते. दिवाणखान्याची फरशीही मध्यभागी किंचित वर आलेली आहे. दाराजवळ गोटी ठेवली की ती भिंतीकडे घरंगळते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. शोषखड्डा त्याच स्वयंपाकघराच्या भिंतीपासून जेमतेम पाच फुटांवर आहे आणि पावसाळ्यात तो तुंबतो. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला कडुनिंबाचे मोठे झाड आहे. या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध आहे का? आणि माझ्या तुकड्यावर काम सुरू करण्यापूर्वी मी कोणकोणत्या गोष्टी स्वतः पाहू शकतो आणि कोणत्या तज्ज्ञाकडून करून घ्याव्यात?

वैदर्भी_स्थापत्य | १० मे

सीनाकाठ, संबंध नक्की आहे आणि तुम्ही तो बरोबर हेरला आहे. मी नागपुरात संरचना अभियंता म्हणून काम करते आणि काळ्या मातीतली अशी घरे मला वारंवार पाहावी लागतात.

काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजे भरपूर असतात. त्यांच्या कणांच्या अतिशय पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल इतक्या भेगा पडतात त्या याचमुळे. अशा मातीवर घर उभे राहिले की घराखालच्या मध्यभागातले पाणी उडून जायला वाट राहत नाही, तर कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळते आणि पावसाळ्यात भिजते. मधला भाग फुगलेलाच राहतो, कडा खालीवर होत राहतात, आणि तुमच्या भावाची फरशी मध्यभागी वर येणे हे त्याचेच लक्षण आहे. त्यात एका टोकाला शोषखड्डा माती सतत भिजवतो आणि दुसऱ्या टोकाला कडुनिंबाची मुळे तीच माती सुकवतात. एकाच भिंतीची दोन टोके दोन वेगळ्या ऋतूंत उभी असल्यासारखी झाली, तर ती तिरपी फाटणारच.

म्हणून पहिला प्रश्न हा की काळी माती किती खोल आहे आणि तिच्याखाली काय आहे. मे महिना त्यासाठी चांगला. घराच्या नियोजित जागेत समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने सुमारे तीन मीटर खोल चाचणी खड्डे घ्या आणि वरून पाहूनच थरांची नोंद करा. कृपा करून त्या खड्ड्यात कोणालाही उतरू देऊ नका. सुकलेल्या काळ्या मातीच्या उभ्या भेगांमुळे खड्ड्याची अख्खी बाजू एकदम सुटून पडते. बकेटमधून वर आलेली माती थरवार वेगळी टाकायला सांगितले की उतरण्याची गरजच उरत नाही.

मुरूम दोन-अडीच मीटरवर लागला तर पाया थेट मुरमात नेणे हाच सरळ मार्ग आहे. काळी माती त्याहून खूप खोल असेल तर तळाशी कंद असलेले, म्हणजे अंडर-रीम्ड, पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) घालावे लागतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडे रुजवली आणि आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात तिचे नियम आहेत. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर घालून फुगवटा आवरण्याची पद्धत विकसित केली, तीही कालवे आणि फरश्यांच्या कामात वापरली जाते. यांपैकी काय योग्य ते तुमच्या खड्ड्यातला नमुना पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये, मीसुद्धा नाही.

एक सावधगिरी मात्र आत्ताच सांगते. आपल्या बेसाल्टची झीज कांद्याच्या पापुद्र्यांसारखी होते आणि मुरमात कठीण काळ्या दगडाचे गुंड मोकळे उरतात. अशा गुंडावर पहार आपटली की "पाषाण लागला" असे सांगून खोदकाम थांबवले जाते. एक कोपरा गुंडावर आणि बाकीचे मुरमात असा पाया पुढे असमान बसतो, म्हणून खडक लागल्याचे कळले की तो किती पसरला आहे हे बाजूला खणून पाहावे.

प्रतबंदी | ११ मे

मी भूमिअभिलेखाच्या कामात आयुष्य काढले, म्हणून थोडी जुनी माहिती देतो. ती आजही उपयोगी पडते.

गावगाड्यात पूर्वी "काळी" आणि "पांढरी" असे दोन शब्द होते. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. गाव बसवताना उंचवट्याची, निचऱ्याची जागा बघत आणि पिकाची काळी माती घराखाली घालवत नसत. आज गावठाण अपुरे पडल्यामुळे आपण काळीतच अकृषिक परवाना घेऊन घरे बांधतो आहोत. त्यात चूक नाही, परंतु पांढरीवरच्या बांधकामाची रीत जशीच्या तशी काळीत चालणार नाही, हे सीनाकाठ यांच्या भावाच्या घराने दाखवले आहे.

दुसरे म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा "आकार", म्हणजे शेतसारा, हवेतून आलेला नाही. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने प्रतबंदीची, म्हणजे जमिनीची प्रत ठरवण्याची, पद्धत पक्की केली. जमीन खणून मातीचा रंग, पोत आणि खोली पाहत, सर्वांत उत्तम आणि सुमारे पावणेदोन हात खोल मातीला सोळा आणे प्रत देत, आणि दोष दिसला की प्रत उतरवत. चुनखडी मिसळलेली, वाळूसर, पाण्याच्या लोंढ्याखाली जाणारी, आणि उपळट म्हणजे खालून पाणी उपळणारी, असे ते दोष असत. यांतला "उपळट" हा शेरा घर बांधणाऱ्याला फार मोलाचा आहे, कारण अशा जागी पावसाळ्यात जोत्याखालून ओल चढते आणि शोषखड्डा खालूनच भरतो. आजच्या सातबाऱ्यावर हे शेरे दिसत नाहीत. मात्र "पोटखराब", म्हणजे लागवडीला अयोग्य, क्षेत्राची नोंद असते. ती बहुधा खडक, ओढा किंवा नाल्याकडे बोट दाखवते, म्हणून ती कुठल्या बाजूला आहे हे जागेवर जाऊन शोधून काढावे. गावनकाशावर एखादा ओढा दिसत असेल आणि जमिनीवर तो दिसत नसेल, तर तो बुजवलेला असतो. त्या भरावावर घराचा कोपराही येऊ देऊ नका.

आणि नकाशापेक्षा शेजारच्या विहिरीचे कठडे मोठे पुस्तक आहे. जुन्या विहिरीत वरून खाली पाहिले तर काळी, मुरूम आणि मग पाषाण असे थर उघडे दिसतात. सकाळच्या तिरप्या उजेडात ते अधिक स्पष्ट होतात. पाण्याची पातळी जूनच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास अशी दोनदा नोंदवावी.

सीनाकाठ | ११ मे

प्रतबंदी काका, विहिरीचे सुचवल्याबद्दल मनापासून आभार. आज संध्याकाळीच चुलत्यांच्या विहिरीवर जाऊन आलो. वरची काळी माती साधारण पुरुषभर आहे, तिच्या तळाशी पांढऱ्या चुनखडीच्या गाठी आहेत, मग पिवळसर मुरूम दिसतो. पण ती विहीर माझ्या तुकड्याच्या खालच्या अंगाला आहे. वरच्या अंगाला बांधाजवळ मुरूम जमिनीवर डोकावतो. एवढ्याशा ११ गुंठ्यांत इतका फरक असू शकेल का?

कातळसडा | १२ मे

असू शकतो, आणि आमच्या राजापूरकडे तर तो पावलागणिक असतो. आमचा जांभा तुमच्या काळ्या मातीच्या अगदी उलट वागतो, तरीही धडा तोच आहे म्हणून लिहितो.

जांभ्याचा वरचा थर कठीण आणि छिद्रांनी भरलेला असतो. घराच्या पायाला तो उत्तम, आणि चिरे काढताना मऊ असणारा हाच दगड वाऱ्यावर उघडा पडला की घट्ट होतो. मात्र कित्येक ठिकाणी त्याच्या खाली मऊ, पांढरट-गुलाबी चिकणमाती असते. पावसाचे पाणी जांभ्यातून झरझर खाली जाते आणि त्या चिकणमातीवर अडून आडवे वाहू लागते. आम्ही शोषखड्डा एप्रिलमध्ये खणला तेव्हा बादल्या ओतल्या तरी पाणी ठरत नव्हते, म्हणून गवंड्याने आणि आम्ही समाधान मानले. जुलैत तोच खड्डा बाहेरच्या पाण्याने काठोकाठ भरला आणि पुढच्या वर्षी उताराखालच्या आमच्याच विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. पाणी भराभर मुरते म्हणजे जागा चांगली, ही आमची समजूत चुकीची होती. इतक्या वेगाने जाणारे सांडपाणी मातीत गाळले जात नाही, ते जसेच्या तसे पुढे पोहोचते. विहीर उपसून, शोषखड्डा बुजवून, टाकीचे पाणी दुसऱ्या अंगाला नेईपर्यंत दोन वर्षे आम्ही पिण्याचे पाणी शेजाऱ्यांकडून आणले. आयएस २४७० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर असावा असे म्हटले आहे, पण भेगाळ दगडात मी तेवढ्यावरही विसंबणार नाही.

वैदर्भी_स्थापत्य | १२ मे

कातळसडा यांचा अनुभव प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्याच मानकाच्या दुसऱ्या भागात मुरण्याची चाचणी दिली आहे आणि ती घरच्या घरी होऊ शकते. शोषखड्ड्याची नियोजित खोली गाठणारा, १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा हाताने घ्या. यंत्राने किंवा फावड्याने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडा, तळाशी ५ सेंटिमीटर बारीक खडी टाका आणि ३० सेंटिमीटर पाणी भरून रात्रभर माती भिजू द्या. ही रात्र कधीही वगळू नका, कारण कोरडी काळी माती पहिले पाणी आपल्या भेगांतून पिऊन टाकते आणि खोटा दिलासा देते. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून ३० मिनिटांत ते किती उतरते हे मोजा आणि त्यावरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते काढा. ३० मिनिटांपर्यंत उत्तर आले तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० च्या दरम्यान असेल तर उथळ, लांब चर घ्यावे लागतात. ६० च्या वर गेले तर त्या मातीवर विसंबायचे नाही, टाकीनंतर खडीची गाळणी बांधायची.

दूरदेशी | १३ मे

मी डॅलसजवळ राहते. इथल्या पट्ट्यातही काळी, फुगणारी माती आहे आणि तिच्या एका प्रसिद्ध प्रकाराला ह्यूस्टन ब्लॅक म्हणतात. माझ्या माहेरच्या परभणीच्या शेताची आठवण करून देणाऱ्या त्याच भेगा मला इथे अंगणात दिसतात. इथे कोरड्या उन्हाळ्यात लोक घराच्या पायाभोवती झिरपणारी नळी पसरून माती एकसारखी ओलसर ठेवतात. पाणी घालणे हा हेतू नसून ओल सगळीकडे सारखी ठेवणे हा हेतू असतो. मलनिस्सारणासाठी टेक्ससमध्ये आता केवळ पाणी मुरवून बघण्यावर भर नाही. परवानाधारक तपासनीस खड्ड्यातल्या मातीचा पोत आणि पाणी साचल्याच्या खुणा पाहतो. राखाडी-तांबूस ठिपके असलेली माती दिसली तर तिथे वर्षातून काही काळ पाणी उभे राहते, असे तो ऑगस्टच्या कोरडेपणातही सांगू शकतो. सीनाकाठ दादा, तुमच्या चाचणी खड्ड्यात असे ठिपके कितव्या फुटावर सुरू होतात हे जरूर पाहा.

वाफसा | १५ मे

बागेबद्दल अजून कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहिते.

घरासाठी वैरी ठरणारी माती बागेसाठी श्रीमंत असते, तेव्हा घराच्या जागेवरची वरची एक-दीड फूट काळी माती मुरमाखाली गाडू देऊ नका. ती आधी खरवडून बागेच्या बाजूला ढीग करून ठेवा. बांधकाम करणारे ती घरातल्या भरावाला वापरू पाहतील. ते दोन्ही बाजूंनी नुकसान आहे. सिमेंटचे राबिट आणि चुन्याचे तुकडे मात्र त्या ढिगात जाऊ देऊ नका, कारण आपली काळी माती आधीच अल्कधर्मी असते आणि त्याने सामू (पीएच) आणखी चढतो.

विहिरीत चुनखडीच्या गाठी दिसल्या असे तुम्ही लिहिले आहे. मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फसफसले तर चुनखडी वरपर्यंत आहे. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि लिंबू-मोसंबीच्या कोवळ्या पानांवर केवडा पडतो, म्हणजे शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. दुसरे, मटाराएवढे कोरडे ढेकूळ पावसाच्या स्वच्छ पाण्यात न हलवता ठेवा. ते नुसते विरघळून तळाशी बसले तर ठीक आहे, पण भोवतीचे पाणी दुधासारखे गढूळ झाले तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, असण्याची शक्यता आहे आणि तेव्हाच जिप्समचा विचार करावा. ऐकीव माहितीवर जिप्सम टाकू नये.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर बांध, उकिरडा, झाडाची सावली आणि नुकतेच खत टाकलेली जागा टाळून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. सगळी माती मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करत राहा. फळझाडांसाठी खालच्या थरांचा वेगळा नमुना लागतो. आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशी होईपर्यंत, काळ्या मातीला कुदळ लावू नका. ओली असताना उकरलेल्या मातीची ढेकळे त्या हंगामात फुटत नाहीत.

सीनाकाठ | २१ सप्टेंबर

चार महिन्यांनी सविस्तर लिहितो आहे. सगळ्यांनी वेळ दिला, त्यामुळे अर्धवट माहिती देणे मला योग्य वाटले नाही.

मे महिन्यात तीन चाचणी खड्डे घेतले. खालच्या अंगाला काळी माती १.९ मीटर निघाली, मधोमध १.१ मीटर, आणि वरच्या बांधाजवळ फक्त ३० सेंटिमीटरवर मुरूम लागला. मधल्या खड्ड्यात पाषाण लागल्याचे चालकाने सांगितले, पण वैदर्भीताईंचे शब्द आठवून बाजूला खणायला लावले तेव्हा तो बैलगाडीच्या चाकाएवढा सुटा गुंड निघाला. त्याच्याभोवती मुरमाचे पापुद्रे खरोखर कांद्यासारखे सुटत होते. दूरदेशीताईंनी सांगितलेले राखाडी-तांबूस ठिपके खालच्या खड्ड्यात सव्वा मीटरपासून पुढे दिसले, वरच्या दोन खड्ड्यांत दिसले नाहीत.

फुगवट्याची चाचणी मी एका स्थापत्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत स्वतः उभा राहून पाहिली. वाळवून चाळलेली दहा ग्रॅम काळी माती एका काचेच्या नळकांड्यात रॉकेलमध्ये आणि तितकीच दुसऱ्यात पाण्यात ठेवली. रॉकेलने माती फुगत नाही, म्हणून ते तुलनेसाठी. चोवीस तासांनी रॉकेलमधली माती १० मिलिलिटरच्या रेघेवर होती आणि पाण्यातली १७ च्या. म्हणजे ७० टक्के फुगवटा. भावाला मी मुद्दाम सोबत नेले होते. ती दोन नळकांडी शेजारी शेजारी पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही.

मुरण्याची चाचणी ऑगस्टमध्ये, जमीन पूर्ण भिजलेली असताना केली. खालच्या अंगाला ३० मिनिटांत १० मिलिमीटर पाणी उतरले, म्हणजे २५ मिलिमीटरला ७५ मिनिटे. वरच्या अंगाला मुरमात ४० मिलिमीटर उतरले, म्हणजे सुमारे १९ मिनिटे.

त्यामुळे मूळ नकाशा पूर्ण उलटा केला आहे. घर रस्त्याकडे, म्हणजे खालच्या काळ्या भागात येणार होते. ते आता मधल्या आणि वरच्या भागाच्या सीमेवर, पाया सगळीकडे मुरमात नेऊन बांधायचे आहे. शोषखड्डा वरच्या मुरमात घ्यावा की नाही याबद्दल मात्र मन साशंक आहे, कारण तो घराच्या चढावर येईल आणि त्याचे पाणी मुरमातून पायाकडेच उतरेल. चुलत्यांची विहीरही उताराच्या दिशेला आहे. खालचे १.९ मीटर काळे रान सगळे बागेला ठेवतो आहे.

भावाच्या घरासाठी तूर्त शोषखड्डा बंद करून टाकीचे पाणी भिंतीपासून दूर नेले आहे. घराभोवती पाऊण पुरुष रुंदीची पाणी न मुरणारी, बाहेर उतार असलेली फरसबंद पट्टी घातली आहे. पेन्सिलीच्या फुल्या तशाच आहेत, मोजणी चालू ठेवणार आहे.

वैदर्भी_स्थापत्य | २२ सप्टेंबर

तुमची शंका रास्त आहे आणि मी तुमच्या जागी असते तर घराच्या थेट चढावर शोषखड्डा घेतला नसता. तो घराच्या बाजूने, उताराला आडवा, वरच्या अंगाच्या दूरच्या कोपऱ्यात घेता येईल का ते पाहा. घरापासून किमान सहा मीटर आणि विहिरीपासून १८ मीटरहून बरेच जास्त अंतर मिळत असेल तरच तो ठेवा. तसे न जमल्यास टाकीनंतर खालून वर पाणी चढणारी खडीची गाळणी बांधा आणि तिचे पाणी बागेच्या कडेला कर्दळीच्या वाफ्यात सोडा. खाण्याच्या पालेभाज्यांना आणि कंदांना ते देऊ नका.

पाया मुरमात गेला तरी दोन गोष्टी नकाशावर लिहून घ्या. खांबांच्या खड्ड्यांत आणि जोत्याच्या आत परत काळी माती भरू नये, मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मसाने ठोकावा. आणि मधल्या भागात जिथे जोत्याची तुळई काळ्या मातीवरून जाते, तिथे तिच्या खाली ८ सेंटिमीटर मोकळी पोकळी ठेवावी, म्हणजे माती फुगली तरी तुळईला खालून रेटा बसणार नाही. गवंडी ती पोकळी सवयीने बुजवतात, म्हणून त्या दिवशी तुम्ही स्वतः जागेवर असा.

सीनाकाठ | २२ सप्टेंबर

वरच्या कोपऱ्यात आजच फीत लावून पाहिली. घराच्या नियोजित भिंतीपासून ९ मीटर आणि विहिरीपासून ४१ मीटर भरते, आणि उतार घराकडे न येता शेजारच्या पडीक बांधाकडे जातो. त्या ठिकाणी एक चाचणी खड्डा आणि मुरण्याची दुसरी चाचणी परतीचा पाऊस थांबण्यापूर्वी उरकून घेतो आणि आकडे इथेच लिहितो.